मानापमानाचे सव्वीस अंक

देशात कोणी कोणाच्या आधी बसायचे हे ठरवणारी एक अधिसूचना राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढली. नंतर तिला ठिगळे लागली, पण सांगाडा आजही तोच आहे. एकूण सव्वीस क्रमांक. पहिल्यावर राष्ट्रपती, दुसऱ्यावर उपराष्ट्रपती, तिसऱ्यावर पंतप्रधान, आणि शेवटच्या पायरीवर केंद्राचे सहसचिव व मेजर जनरल. सव्विसांतही सगळ्यांची सोय लागेना म्हणून मध्येच पाच अ, सात अ, नऊ अ असे क्रमांक घुसवले आहेत. या तक्त्याखालची पहिलीच टीप सांगते की, हा क्रम शासकीय समारंभांपुरता आहे, सरकारच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही.

टीप लिहिणारा अधिकारी सज्जन असणार. किंवा त्या काळी समारंभ आणि दैनंदिन कामकाज या खरोखरच दोन वेगळ्या गोष्टी असतील. आता एका पुलाचे आधी भूमिपूजन होते, मग एका मार्गिकेचे लोकार्पण, मग दुसऱ्या मार्गिकेचे, आणि या सगळ्यांच्या मधल्या वेळात जमलेच तर पूल होतो. साहजिकच तक्ता बारा महिने तेरा काळ लागू असतो.

त्याचा खरा ताप निस्तरतो तो जिल्ह्याच्या ठिकाणी राजशिष्टाचाराचे टेबल सांभाळणारा कर्मचारी. निमंत्रणपत्रिकेत ‘शुभहस्ते’ एकाचेच लिहिता येते. ‘प्रमुख उपस्थिती’त दोघे-तिघे मावतात. बाकीचे खासदार, आमदार, माजी अमुक आणि विद्यमान तमुक ‘सन्माननीय उपस्थिती’च्या दाटीत. रात्री पत्रिकेचे प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते आणि एकेका स्वीय सहायकाचा फोन येतो: ‘साहेबांचं नाव एक ओळ वर घ्या, आणि टाइप जरा मोठा करा.’ लग्नात मानपान चुकला तर व्याही फार तर जेवणावरून उठतात. इथे विधिमंडळात हक्कभंगाची सूचना येते. पत्रिका निदान पुन्हा छापता तरी येते. कोनशिलेवर नाव चुकीच्या ओळीत कोरले गेले, की पडदा ओढण्याआधी अख्खा ग्रॅनाइट बदलावा लागतो. तरीही या कर्मचाऱ्याला विचाराल तर तो तक्त्याला दुवाच देईल. भांडायला आलेल्यापुढे सरकवायला हातात एक कागद असणे ही सरकारी नोकरीतली मोठी चैन आहे.

मुळात ही रीत गोऱ्या साहेबाकडून आलेली. त्याच्या तक्त्यातही गव्हर्नराचा मान ‘आपल्या मुलखात’ एक आणि मुलखाबाहेर दुसरा असे. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड बादशहापुढे गेले, एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागले. एकवीस तोफांचा मान असलेला संस्थानिक, पण त्या चार पावलांवरून एवढा गदारोळ उठला की महाराजांना खुलासा करावा लागला.

‘आपल्या मुलखात’ची ती अट आपण जशीच्या तशी जपली आहे. राज्यपाल स्वतःच्या राज्यात चौथे, राज्याबाहेर थेट आठवे. म्हणजे महाराष्ट्राचे राज्यपाल गोव्याला मोटारीने निघाले, तर बांद्यापर्यंत ते चौथे असतात आणि पत्रादेवीचा नाका ओलांडताच चार पायऱ्या उतरतात. मुख्यमंत्री सातव्यावरून आठव्यावर येतात, त्यांना धक्का कमी बसतो. ऑगस्ट २०२० ते जुलै २०२१ या काळात भगतसिंह कोश्यारींकडे महाराष्ट्राबरोबर गोव्याचाही कार्यभार होता. तेवढे महिने या नाक्यावर कोणाचीही घसरण झाली नाही.

राज्यातल्या राज्यातही चढउतार काही कमी नाहीत. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही, तक्त्यात मात्र दहाव्या क्रमांकावर आहे, केंद्रीय राज्यमंत्र्यांच्या पंगतीला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री म्हणून सातवे होते. २०२२ मध्ये उपमुख्यमंत्री होऊन ते दहावे झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सातवे. त्याच दिवशी एकनाथ शिंदे सातव्यावरून दहाव्यावर गेले. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले होते की, उपमुख्यमंत्री ही केवळ उपाधी आहे, घटनेच्या दृष्टीने तोही एक मंत्रीच. पण या तीन पायऱ्यांची उंची ज्याची त्यालाच ठाऊक.

तक्त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. लता मंगेशकर १९९९ मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या, तेव्हा खासदार म्हणून त्यांचा क्रमांक एकविसावा होता. २००१ मध्ये भारतरत्न मिळाले आणि त्या सात अ वर पोचल्या: राजदूतांच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या आधी, केंद्रीय मंत्र्यांच्या मात्र मागे. सचिन तेंडुलकरचा प्रवासही असाच, खासदार २०१२ मध्ये आणि भारतरत्न २०१४ मध्ये. सव्वीस अंकांत खुर्चीशी संबंध नसताना मान मिळण्याची सोय बहुधा एवढी एकच.

आता मे २०२५ ची गोष्ट. अमरावतीचे भूषण गवई १४ तारखेला सरन्यायाधीश झाले आणि १८ ला महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलच्या सत्कारासाठी मुंबईत आले. सरन्यायाधीश सहाव्या क्रमांकावर, लोकसभा अध्यक्षांच्या जोडीने. राज्याचे मुख्य सचिव तेविसाव्या. तरीही मुख्य सचिव, पोलीस महासंचालक किंवा मुंबईचे पोलीस आयुक्त यांपैकी कोणीही स्वागताला फिरकले नाही. गवईंनी हे भाषणात बोलून दाखवले आणि प्रश्न आपल्या मानाचा नसून लोकशाहीच्या स्तंभांनी एकमेकांचा आदर राखण्याचा आहे, असेही सांगितले. तक्रार रास्त होती. त्यानंतर चैत्यभूमीवर तिघेही हजर! दोन दिवसांत राज्य सरकारने सरन्यायाधीशांना कायमस्वरूपी राज्य अतिथी जाहीर केले आणि त्यांच्या स्वागताला कोणी उभे राहायचे हेही लेखी ठरवून टाकले. १९७९ चा एक कागद पाळला गेला नाही, तर त्यावर आपला इलाज म्हणजे दुसरा कागद. पुढे प्रकरण वाढवू नका, असे खुद्द गवईंनीच सांगितले, आणि या चुकीबद्दल अधिकाऱ्यांवर कारवाई मागणारी याचिका सात हजार रुपये दंडासह फेटाळली. बाकीचे मात्र अजूनही याचिकाकर्त्याच्या उत्साहाने मान मोजत असतात.

आणि मान मोजायला तक्ताही पुरत नाही, कारण ज्या पदासाठी महाराष्ट्रात सर्वाधिक रुसवेफुगवे होतात ते पालकमंत्रिपद या सव्वीस अंकांत कुठेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये रायगडला आदिती तटकरे आणि नाशिकला गिरीश महाजन यांची नावे पालकमंत्री म्हणून जाहीर झाली, शिंदे यांच्या पक्षात नाराजी उसळली आणि दोन्ही नेमणुकांना लगोलग स्थगिती मिळाली. पण जिल्ह्याच्या मुख्यालयात झेंडा तर फडकवायलाच हवा. मग कोणत्या जिल्ह्यात ध्वजारोहण कोण करणार याची वेगळी शासकीय यादी निघते आणि तीही तक्त्याइतक्याच बारकाईने वाचली जाते. १५ ऑगस्ट २०२५ च्या यादीत रायगडपुढे तटकरे यांचे नाव होते, नाशिकपुढे महाजन यांचे, आणि पालकमंत्रिपदांवरची स्थगिती जिथल्या तिथे.