येणाऱ्या सिनेमाची पैसेवारी



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, कीड आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतला आहे. त्याला कारण एका तरुण शेतकरी बांधवाचे पत्र. ते लिहितात : "साहेब, सोयाबीन विकून हातात चार पैसे आले आहेत. घरच्यांना घेऊन जिल्ह्याच्या गावी एक सिनेमा बघायचा विचार आहे. वर्षातून एकदाच जातो. आमच्या मंडळींनी पुढच्या महिन्यात लागणारा एक मराठी सिनेमा मनात धरला आहे. मी मोबाईलवर त्याची झलक पाहिली. मला तो रडका आणि टाकाऊ वाटतो. तुम्ही बियाणे पारखता, तसा सिनेमा लागण्याआधी पारखता येतो का? येत असेल तर मंडळींना दोन शब्द सांगा."

पत्र वाचून आधी हसू आले, मग ते मावळले. का मावळले, ते शेवटी सांगतो. आधी प्रश्नाचे उत्तर देऊ, कारण प्रश्न खर्चाचा आहे आणि खर्च लहान नाही. पाच माणसांचे घर धरा. जिल्ह्याच्या गावी तिकीट माणशी दोनशे रुपये धरले तरी हजार झाले. जाण्यायेण्याचे भाडे, पोरांचे खाणे आणि बुडालेला रोज मिळवा. डीएपीची एक गोणी सहज येईल एवढी रक्कम तीन तासांत जाते. तेव्हा आधी अंदाज घ्यावासा वाटणे हे चिक्कूपणाचे लक्षण नव्हे.

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. दिवसा एक गाडी दोन्ही अंगांना फळ्या लावून, भोंगा वाजवीत गावोगाव फिरे. गुलाबी-पिवळ्या कागदांवरच्या जाहिराती उधळल्या की आम्ही पोरे धुरळ्यातून त्यामागे धावत असू. भोंग्यावरचा माणूस प्रत्येक सिनेमाला 'महान कौटुंबिक चित्र' म्हणायचा. मारामारीचा सिनेमा असला तरी तो कौटुंबिकच! आज भोंगा गेला आणि झलक प्रत्येकाच्या खिशात आली. पण सांगणारा तोच आहे. माल विकणाराच मालाची तारीफ करतो आहे, हे विसरू नये.

झलक म्हणजे उगवणशक्तीची चाचणी नव्हे

पेरणीआधी आपण घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. गोणपाट ओले करून शंभर दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून ठेवतो आणि आठवड्याने मोड मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ही चाचणी खरी ठरते, कारण शंभर दाणे आपण न निवडता घेतो. टपोरे तेवढे वेचून घेतले तर नव्वदही उगवतील आणि शेतात फसगत होईल.

सिनेमाची झलक ही अशी वेचून काढलेल्या दाण्यांची असते. अडीच तासांतली सर्वांत चांगली अडीच मिनिटे त्यात घातलेली असतात. कांद्याच्या गोणीत वरचा थर जसा देखणा लावतात, तसेच हे. म्हणून झलक पाहताना उलटा विचार करावा. वेचून काढलेल्या दाण्यांतही दम दिसत नसेल, तर गोणीच्या तळाशी काय असेल? झलक वाईट असली तर सिनेमा बहुधा वाईटच. झलक चांगली असली, तर एवढ्यावरून काहीच कळत नाही.

गावाकडचा सिनेमा असेल तर आणखी एक खूण पाहावी. बाई विळा कसा धरते, गडी बैलांमागे कसा चालतो, चुलीपाशी बसलेली सासू फुंकणी कशी वापरते, हे दोन क्षणांतही दिसते. ज्याने एवढ्याकडे लक्ष दिले, त्याने बाकीच्या कामातही दिले असण्याचा संभव जास्त.

पिशवीचे चित्र आणि मागची चिठ्ठी

बियाण्याच्या पिशवीवर भरघोस कणसाचे चित्र असते. जाणता शेतकरी चित्र पाहत नाही, पिशवी उलटवून चिठ्ठी वाचतो. सिनेमाच्या जाहिरातीत नट-नटीचा चेहरा म्हणजे ते कणीस. चिठ्ठी असते खालच्या बारीक अक्षरांत : कथा कोणाची, दिग्दर्शन कोणाचे. त्या माणसाने याआधी काय केले, हे विचारावे.

उदाहरण आपल्याजवळचेच आहे. २०१६ सालच्या २९ एप्रिलला 'सैराट' लागला. त्याची गाणी आधीच वरातींतून वाजत होती. बहुतेकांचा अंदाज असा, की नाचगाण्याचा, प्रेमाचा मजेदार सिनेमा असेल. नायिका अकलूजची रिंकू राजगुरू आणि नायक आकाश ठोसर, दोघेही पडद्याला नवे. त्यांच्यावरून काही कळण्यासारखे नव्हते. पण दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ मध्ये ज्यांनी पाहिला होता, त्यांना मनात कुठेतरी ठाऊक होते, की हा माणूस जातीचे दुखणे झाकून गोड शेवट करणारा नाही. तसेच झाले. चिठ्ठी वाचणाऱ्याचा अंदाज बरोबर ठरला.

पण चिठ्ठी हीही काही हमी नव्हे. राज कपूर यांच्यासारख्या मातब्बर दिग्दर्शकाचा 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये आला. वर्षानुवर्षे खपून केलेला, मोठमोठ्या नटांचा, दोन मध्यंतरांचा चार तासांचा सिनेमा. तो आपटला. त्याच दिग्दर्शकाने १९७३ मध्ये दोन कोवळ्या चेहऱ्यांना घेऊन 'बॉबी' काढला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. शेतकरी तोच, पण पिके दोन तऱ्हांची आली.

१९७५ सालची गोष्ट

अंदाज किती चुकतात हे पाहायचे तर १९७५ साल आठवावे. त्या वर्षी १५ ऑगस्टला 'शोले' लागला. कोट्यवधींचा खर्च, मोठे नट. पहिल्या काही दिवसांत जाणकारांनी त्याला बुडालेला ठरवले. खुद्द निर्माते शेवट बदलावा का, या विचारात पडले. कथा लिहिणाऱ्या सलीम-जावेद या जोडीने मात्र धंद्याच्या पत्रात जाहिरात देऊन आपला अंदाज सहीनिशी जाहीर केला, की हा सिनेमा प्रत्येक मोठ्या विभागात कोटीचा धंदा करील. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात 'शोले' पाच वर्षे चालला.

त्याच वर्षी मे महिन्यात 'जय संतोषी माँ' हा अगदी थोड्या भांडवलाचा सिनेमा आला होता. जाणकारांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. पण बायाबापड्या बैलगाड्या जोडून आल्या, चपला बाहेर काढून आत बसल्या, पडद्यावर फुले आणि पैसे उधळू लागल्या. त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांत त्याची गणना झाली. एकाच हंगामातली ही दोन पिके, आणि दोन्हींचा पहिला अंदाज चुकलेला.

आपल्या पिकांचेही असेच नाही का? सप्टेंबरअखेर नजर अंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. नजर अंदाजाने पीक उभे असताना आकडा ठरतो, पण खरे माप कापणी प्रयोगात कळते. पहिला आकडा पन्नास पैशांच्या वर आणि शेवटचा खाली, असे आपण पाहिले आहे. म्हणून कोणी अंदाज करणे सोडत नाही. फक्त तो अंदाज आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

हंगाम, दाखला आणि आठ दिवसांचा धीर

आणखी तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. पहिली, हंगाम. 'सैराट' एप्रिलअखेर आला. शाळांना सुट्ट्या, रब्बी घरात, खरिपाला अवकाश. योग्य वेळी पडलेला पाऊस जसा, तसे झाले. दिवाळीत मात्र दोन-तीन मोठे सिनेमे एकदम येतात आणि एकाच दिवशी बाजारात आलेल्या टोमॅटोसारखी त्यांची गत होते. अशा वेळी चांगला लहान सिनेमा आठवड्यात उतरवला जातो. तो पडला म्हणून वाईटच होता, असे समजू नये.

दुसरी, दाखला. लेकरे बरोबर असतील तर हे आधी पाहावे. 'यू' असेल तर सर्वांना चालतो, 'ए' फक्त प्रौढांसाठी. मधल्या 'यूए' वर्गाचे २०२४ च्या नियमांनी तीन भाग केले आहेत : सात वर्षे, तेरा वर्षे आणि सोळा वर्षे. त्याखालच्या वयाच्या मुलांना दाखवायचा की नाही, हे आईबापांनी ठरवायचे. जाहिरातीत हा आकडा असतो. तो न पाहता गेलात तर अर्ध्यातून पोर घेऊन बाहेर येण्याची पाळी येते.

तिसरी, धीर. पहिल्या तीन दिवसांची गर्दी ही जाहिरातीची गर्दी. सोमवारी कोण येते, ते पाहावे. शेजारचा कोणी पाहून आला असेल तर "कसा आहे?" एवढेच विचारू नये. "घरच्यांना घेऊन पुन्हा जाशील का?" असे विचारावे. उत्तर द्यायला तो किती वेळ लावतो, त्यात सारे आले.

आणि एक सिनेमा असाही झाला, की त्याचा अंदाज लागण्याआधीच नव्हे, तर चित्रीकरणाआधी शेतकऱ्यांनीच बांधला. १९७६ सालचा श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून त्याचे भांडवल उभे केले. पटकथा लिहिण्यात आपले विजय तेंडुलकर होते आणि स्मिता पाटील यांनी त्यात काम केले. त्या शेतकऱ्यांनी झलक पाहिली नव्हती. पैसे कोण मागतो आहे आणि गोष्ट कोणाची आहे, एवढेच पाहिले. आपल्या दूध संघाची गोष्ट होती, म्हणून दोन रुपये दिले. सिनेमा लागल्यावर तो पाहायला ते ट्रक भरभरून आले. सिनेमा कसा असेल, यापेक्षा तो कोणासाठी आहे, हे त्यांना नीट कळले होते.

माझा स्वतःचा अंदाज

आता हसू का मावळले ते सांगतो. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला, तेव्हा मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सुटीत घरी आलो होतो. आमच्या आळीतल्या बायांनी ट्रॉली ठरवून तालुक्याला जाण्याचा बेत केला. आईने मला विचारले, "जाऊ का रे? तू शिकलेला, तू सांग." मी फक्त जाहिरात पाहिली होती. मोठ्या रुबाबात म्हणालो, "आई, नुसती रडारड आहे. पैसे कशाला घालवतेस? पुढे मोठ्या नटाचा हिंदी लागणार आहे, त्याला मी नेतो."

आई गेली नाही. बाया रात्री उशिरा परतल्या त्या लाल डोळ्यांनी आणि हसऱ्या तोंडांनी. पुढे आठ दिवस भांगलताना त्याच गोष्टी चालल्या होत्या. आई खुरपे चालवीत ऐकत होती. माझी परीक्षा आली आणि तो हिंदी सिनेमा राहिला तो राहिलाच. विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचा तो सिनेमा त्या काळच्या सर्वांत यशस्वी मराठी चित्रपटांत गणला गेला.

पंधरा-एक वर्षांनी तो दूरदर्शन संचावर लागला. आई सारे काम आटोपून समोर बसली. ऐन शेवटाकडे भारनियमनात दिवे गेले. मी हळहळलो. ती अंधारात म्हणाली, "राहू दे. पुढचं ठाऊक आहे मला. बायांनी भांगलताना सांगितलंय."

आज आई नाही. मी रडारड म्हटले ते चूक होते, असे नाही. रडारड होतीच. पण आईला वर्षाकाठी एकदा ट्रॉलीत बसून, मैत्रिणींच्या खांद्याला खांदा लावून, कोणी का म्हणून न विचारता पोटभर रडायचे होते. सिनेमाची पारख करताना मी ते मोजलेच नाही. घरात बाईला रडायला तरी जागा कुठे असते?

तेव्हा पत्रलेखक बांधवा, वरच्या साऱ्या खुणा जरूर वापरा. दाखला पाहा, दिग्दर्शकाचे नाव वाचा, आठ दिवस थांबा. पण मंडळींना सांगायला माझ्याकडे दोन शब्द मागू नका. त्यांनी धरलेला सिनेमाच पाहा. जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपला अंदाज भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे पैशांत लिहून ठेवावा, रुपयात किती पैसे. परत आल्यावर शेजारी अंतिम पैसेवारी लिहावी. तुमचा आकडा बरोबर आला तर मला पत्र टाका. मंडळींचा आला, तर पुढच्या वर्षीचा सिनेमाही त्यांनाच ठरवू द्या.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीकडे वळू. तोवर कामगंध सापळे आणून ठेवावेत आणि शेतात पक्ष्यांना बसायला थांबे करावेत.