गड का सोडला?

दिवाळी अंक घरात आला की वडीलधारी मंडळी अनुक्रमणिका पाहतात आणि मुले रहस्यकथेचे पान शोधतात. त्यातून कथा जुन्या काळातली असेल, तीत एखादे भुयार असेल आणि भुयाराच्या तोंडाशी कोणी कोणाची वाट पाहत असेल, तर चकलीही हातातच राहते! सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना असल्या कादंबऱ्या द्याव्यात काय, असे पालक विचारतात. अवश्य द्याव्यात. मात्र कादंबरी प्रामाणिक हवी.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीचे कुळ जुने आहे. गुंजीकरांचे 'मोचनगड' १८७१ चे. हरिभाऊ आपट्यांचे 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागले. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून महाराष्ट्राची झोप उडवली. पण गड एका कपाटात आणि कोडे दुसऱ्या कपाटात, असेच बहुधा राहिले. दोन्ही एकत्र आणायचे म्हटले की लेखक भुयार खणतो, खलिता हरवतो, नायिकेला पुरुषवेष देतो. वास्तविक इतिहासातच कोडी काय थोडी आहेत?

एकच पाहा. कोल्हापुराहून रत्नागिरीला निघाले की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. विशाळगडच्या प्रतिनिधींची गादी १८४४ साली गडावरून या गावात उतरली. याच घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्र्यंबक. १७०१ च्या अखेरीस औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला, तेव्हा गड त्यांच्याकडे होता. पाच-सहा महिने त्यांनी तो लढवला आणि जून १७०२ मध्ये, पाऊस तोंडावर आला असताना, रक्कम ठरवून मोगलांच्या स्वाधीन केला.

ही फितुरी म्हणावी की मुत्सद्देगिरी? घाईने निकाल देऊ नका. गड घेऊन बादशहा पन्हाळ्याकडे वळला, तो या मुलखातल्या पावसात सापडला. जेमतेम तीस मैलांच्या वाटेला त्याच्या फौजेला अडतीस दिवस लागले. आणि पुढे विशाळगडची जहागीर याच परशुराम त्र्यंबकांच्या वंशात राहिली!

आता कोणा लेखकाने त्या गडावर कोठाराचा हिशेब ठेवणारा एक तरुण कारकून कल्पावा आणि रानवाटा जाणणारी एका गडकऱ्याची मुलगी. धान्य किती दिवसांचे उरले, हे त्याला ठाऊक. त्याने ते कोणाला सांगायचे नाही. तिचा बाप तटावर झुंजतो आहे. ती एकच प्रश्न विचारते : "किती दिवस?" सांगावे तर इमान जाते, न सांगावे तर ती जाते. येथे प्रेम चवीपुरते वरून भुरभुरावे लागत नाही. रहस्याची किल्लीच त्याच्या हाती असते. कोठार रिकामे होते की भरलेले, यावरच तर गड सोडण्याचा अर्थ ठरायचा.

मात्र लेखकाने एक पथ्य पाळावे. कारकून आणि मुलगी आपली. वेढा, तह आणि पाऊस इतिहासाचा. ही सीमारेषा प्रस्तावनेत स्वच्छ सांगावी. मुले त्याने हिरमुसत नाहीत. उलट, खरे किती आणि रचलेले किती, हे शोधण्याचा दुसरा खेळ त्यांना मिळतो.

मला या पुस्तकांची निकड वाटते ती एवढ्यासाठीच. इतिहासावरून आज चौकाचौकात आवाज चढतात. कोण वीर, कोण फितूर, याचे निकाल तयार असतात. पुरावा विचारणाराच तेवढा अपराधी ठरतो. रहस्यकथा वाचणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय घेतला, तो शेवटी निर्दोष निघाल्याचा अनुभव असतो. तो सहजासहजी कोणाला सुळावर चढवत नाही. तो आधी विचारतो, "कशावरून?"

हा एक शब्द मुलांच्या तोंडी बसला, तर पुस्तकाची किंमत वसूल झाली. मग त्यांनी ते अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचले तरी आईबापांनी खुशाल काणाडोळा करावा.