वेशीवरचा दगड

ऑगस्ट महिन्याचा शेवटचा रविवार आला की इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या ईम या डोंगराळ गावी एक आगळी उपासना होते. गावात संत लॉरेन्सचे जुने अँग्लिकन मंदिर आहे; अंगणात आठव्या शतकाच्या सुमाराचा दगडी क्रूस आहे. तरीही त्या दिवशी लोक गावाबाहेरच्या कुकलेट डेल्फ नावाच्या हिरव्या घळीकडे वळतात आणि आकाशाच्या छताखाली प्रार्थना करतात. त्या रविवारास ते ‘प्लेगचा रविवार’ म्हणतात. अँग्लिकन ख्रिस्तसभेच्या या लहानशा धर्मग्रामाची कथा आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे फार दिवस मनात होते. ती केवळ त्यांची नव्हे. जेथे म्हणून धर्मगुरू आहे आणि त्याच्यावर विसंबलेली माणसे आहेत, तेथली ती आहे.

सन १६६५ मध्ये लंडन शहरात प्लेगाने कहर मांडला होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ईम येथील एका शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड ओलसर होते, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिराने ते विस्तवापुढे वाळत घातले, अशी परंपरा आहे. थोड्याच दिवसांत व्हिकर्स मरण पावला. ७ सप्टेंबर रोजी त्यास मूठमाती मिळाली. मागोमाग शेजारची घरे रिकामी होऊ लागली. हिवाळ्यात रोग मंदावला, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु १६६६ च्या उन्हाळ्यात तो दुप्पट जोराने उसळला.

त्या समयी गावात दोन धर्मगुरू होते, आणि हाच या कथेचा गाभा होय. विल्यम माँपेसन हा अठ्ठाविशीच्या आतबाहेरचा रेक्टर १६६४ मध्ये नुकताच आला होता. लोकांचा त्याच्यावर अद्याप जीव जडला नव्हता. दुसरे टॉमस स्टॅन्ली. हे याच गावचे पूर्वीचे धर्मगुरू. १६६२ साली राजसत्तेने नवे प्रार्थनापुस्तक सर्वांवर बंधनकारक केले, तेव्हा त्यास मान्यता न देणारे सुमारे दोन हजार धर्मोपदेशक पदास मुकले. स्टॅन्ली त्याच मताचे. १६६५ च्या कायद्याने तर अशा माणसांस आपल्या जुन्या धर्मग्रामाच्या पाच मैलांच्या आत राहण्यास मनाई केली. (आपल्या मिस्सेची तर गोष्टच नको, त्या राज्यात त्या काळी ती गुन्हाच होती.) तरीही स्टॅन्ली गावातच होते, आणि लोकांचा विश्वास होता तो त्यांच्यावर. नव्या धर्मगुरूस पद होते, जुन्यास माणसे होती. अशी दोन माणसे एका गावात राहिली म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

जून महिन्यात हे दोघे एकत्र बसले. त्यांचे मतभेद मिटले नाहीत. ते बाजूस ठेवले गेले, इतकेच. दोघांनी मिळून गावापुढे तीन गोष्टी मांडल्या. पहिली, ज्याने त्याने आपले मृत आपल्याच परसात वा शेतात पुरावे. मंदिराच्या आवारातील दफन बंद. दुसरी, मंदिरास कुलूप लावून उपासना कुकलेट डेल्फमध्ये व्हावी, आणि एकेका कुटुंबाने इतरांपासून अंतर राखून उभे राहावे. तिसरी व सर्वांत कठीण, कोणीही गावाची सीमा ओलांडू नये, म्हणजे रोग आसपासच्या गावांत जाणार नाही. काही सधन घराणी आधीच निघून गेली होती. उरलेल्यांनी मात्र मान तुकवली. एकट्या माँपेसनचे त्यांनी ऐकले असते की नाही, याची शंकाच आहे. दोघे एका सुरात बोलले, म्हणून ऐकले.

चॅट्सवर्थ येथील अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनी गावास अन्नसामग्री पुरविली. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर एक दगड आजही आहे; त्यात सहा खळगे कोरलेले आहेत. त्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवावयाची, शेजाऱ्यांनी ती उचलून जिन्नस ठेवून जावयाचे. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहावयाचे नाही. जंतूंचे ज्ञान कोणासच नव्हते. मात्र आपल्या हातचे नाणे शेजाऱ्याचा घात करू शकते, एवढे त्या लोकांनी ओळखले होते.

ऑगस्टने कळस गाठला. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या स्त्रीने आठ दिवसांत नवरा व सहा लेकरे गमावली. त्यांना तिने स्वतःच ओढत नेऊन रानात पुरले. ना धर्मगुरू, ना घंटा, ना शेजारी. मार्शल हाऊ नावाचा एक धट्टाकट्टा गडी आजारातून उठला होता. तो मृतांस पुरू लागला आणि मोबदला म्हणून त्यांच्या चीजवस्तू नेऊ लागला. पुढे त्याचीही बायको व मुलगा गेले. संतांच्या चरित्रांत शोभेल असे सर्वच तेथे घडले नाही. जशी माणसे असतात तशीच ती होती.

माँपेसनने आपल्या दोन मुलांस आधीच यॉर्कशायरात पाठविले होते. पत्नी कॅथरीन मात्र गेली नाही. नवऱ्याबरोबर ती घरोघर फिरत राहिली आणि २५ ऑगस्ट रोजी गेली. १ नोव्हेंबरास शेवटचा बळी पडला. चौदा महिन्यांत २६० माणसे गेली. पूर्वी गावची वस्ती साडेतीनशेची समजत; नव्या संशोधनात ती सुमारे दुप्पट धरली जाते. पुढे माँपेसन नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे गेला, तर तेथील लोक त्यास भिऊन गावात घेईनात, असे सांगतात. लिंकनच्या डीनचे मोठे पद त्याने नाकारले. स्टॅन्ली १६७० मध्ये ईम येथेच वारले.

या कथेपुढे हात जोडून मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही. आपली मुले सुरक्षित स्थळी धाडून इतरांच्या मुलांस थांबवून धरण्याचा अधिकार माँपेसनला होता काय? आणि आज आपणांस ठाऊक आहे की प्लेग उंदीर व पिसवांमुळे पसरतो. माणसे जवळ राहिल्याने गावातच मृत्यू वाढले असतील, असे काही अभ्यासक म्हणतात. आपल्याकडे १८९६ नंतरच्या प्लेगात दख्खनमधील माणसे घरे सोडून माळावर झोपड्यांत राहावयास गेली, ती गोष्ट शहाणपणाची ठरली. याच साथीत पुण्यात १८९७ साली रँडच्या शिपायांनी घरात शिरून माणसे ओढून नेली. लोकांचा संताप भडकला. त्याच वर्षीच्या १० मार्च रोजी प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सक्तीने विलग केलेले गाव निराळे आणि शेजाऱ्यांसाठी स्वतः थांबलेले गाव निराळे. ईमच्या लोकांनी हिशेब चुकीचा केला असेल. कर्ज मात्र आपल्या शिरावर घेतले, शेजाऱ्यावर टाकले नाही.

२०२० सालचा मार्च वाचकांस आठवत असेलच. आमच्याही मंदिराचे दार बंद झाले. वेदीपुढील बाके रिकामी, आणि दफनास चार-दोन माणसे. एका रात्री एका घरून तैलाभ्यंगासाठी बोलावणे आले. आम्ही गेलो नाही. दूरध्वनीवरूनच प्रार्थना म्हटली. नियम तसाच होता, आणि तो योग्यही होता. परंतु नियमाच्या आडोशाला आमची भीतीही उभी होती, हे आम्हांस त्या रात्रीच कळले. पहाटे ते वृद्ध गृहस्थ गेले. त्यांच्या मुलाने पुढे एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच अधिक जड झाले.

म्हणून माँपेसनच्या मुलांविषयीचा प्रश्न विचारताना आमची जीभ आता अडखळते. भ्यालेला मनुष्यही मेंढपाळ होऊ शकतो. मात्र त्याने आपली भीती ओळखावी आणि एकट्याने निर्णय घेऊ नये. माँपेसनने दार ठोठावले ते ज्याच्याशी त्याचे पटत नव्हते त्याचे. आपल्याही गावात असे एखादे दार असेलच.

प्लेगच्या रविवारी ईम येथे कॅथरीनच्या थडग्यावर फुले वाहिली जातात. वेशीवरच्या दगडाच्या खळग्यांत हल्ली पावसाचे पाणी साचते.