नवसाची नव्हे, हिशेबाची कोंबडी



जेठ महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका वस्तीवर जाण्याचा योग आला. विहारात बुद्धवंदना झाली, मग महिला बचत गटाचा हिशेब सुरू झाला. एका ताईंचा हप्ता सलग दुसऱ्या महिन्यात चुकला होता. विचारले तर त्या मान खाली घालून बसल्या. शेवटी शेजारीण म्हणाली, "भाऊ, तिचा हप्ता अंड्यांवर चालतो. घरात आठ कोंबड्या आहेत, पण अंडी हाताला लागत नाहीत. त्यात सासूबाईंनी तांबडी कोंबडी मरीआईला कबूल केलीय, आखाडात द्यायची."

ताईंच्या घरी गेलो. नातू तापाने आजारी होता. सरकारी दवाखान्याच्या औषधाने बरा झाला, पण श्रेय गेले मरीआईला! मी कार्यकर्ता माणूस, लगेच भाषण सुरू केले. 1956 साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्माचा मार्ग दाखवला, आता हे नवस-सायास कशाला? आजीबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पाव्हणा आला की तुम्ही बाप्ये कोंबडी कापता, तव्हा आम्हाला कोण इचारतं? अन् माझ्या देवीच्याच टायमाला धम्म आठवतो का?"

मी निरुत्तर झालो. कोंबड्यांना दाणा टाकते बाई, खुराडे झाडते बाई, पिल्ले घारीपासून राखते बाई. कापायचे की विकायचे हे मात्र ठरवतो दुसराच. कोंबडी पाहुण्यासाठी कापली काय आणि देवीला दिली काय, मोडते ती बाईचीच पुंजी. 2019 च्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कोंबड्या व इतर पक्ष्यांची संख्या 31 कोटींच्या वर नोंदली गेली. यातले बरेचसे धन बायांच्या हातावर पोसले जाते. पण त्याचा हिशेब किती घरांत लिहिला जातो?

भाषण बाजूला ठेवले आणि परसात गेलो. कोंबड्या रात्री ओलसर खुराड्यात कोंबलेल्या आणि दिवसा मोकळ्या. अंडी घालायला जागाच नाही. कोंबडीला अंडे घालायला अंधारी, कोरडी, आडोशाची जागा लागते. आपण दिली नाही तर ती स्वतः शोधते, सरपणाच्या ढिगात नाहीतर कुडाच्या मागे. तिथले अंडे आधी मुंगसाला सापडते, मग आपल्याला!

मी बी.कॉम. झालेला कारकून. तिथेच कागद काढला. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. 70 धरली तर आठ कोंबड्यांची 560. आठवड्याला नुसती तीन अंडी हरवली, तरी वर्षाची 156 होतात. अंडे दहा रुपयांना गेले असे धरा. म्हणजे 1,560 रुपये सरपणाच्या ढिगात गेले. आकडा ऐकून आजीबाई पुढे सरकून बसल्या.

उपाय बिनखर्चाचा आहे. आपल्याकडे टोमॅटोचे फुटके क्रेट घरोघर पडलेले असतात. क्रेट आडवा ठेवावा. बाजूंना गोणपाट बांधावे म्हणजे आत अंधार राहतो. तोंडाशी चार बोटे उंचीची पट्टी ठोकावी म्हणजे अंडे घरंगळत नाही. आत भाताचा कोरडा पेंढा घालावा. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते, म्हणजे आठांना दोन. खोके जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवावे. रात्री बसायची दांडी मात्र खोक्यापेक्षा वर हवी. कोंबडी झोपायला उंच जागा धरते. खोके उंच राहिले तर ती त्यातच झोपेल आणि अंडी विष्ठेने भरतील. सुरुवातीला खोक्यात अंड्याएवढी पांढरी गारगोटी ठेवावी. ती पाहून कोंबड्या तिथेच बसायला शिकतात. बहुतेक अंडी सकाळी पडतात, म्हणून दुपारच्या आत एकदा आणि संध्याकाळी एकदा गोळा करावीत.

कोंबडी अंडे फोडून खात असेल तर तिला दोष देऊ नका. बहुधा चुन्याचा अंश कमी पडलेला असतो. शिंपले बारीक कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. थंडीत दिवस लहान झाला किंवा पिसे झडू लागली की अंडी कमी होतात, ती बाधा नव्हे. अंगावरच्या उवांसाठी कोरडी माती आणि राख एका खड्ड्यात घालावी. कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात पिलांना लासोटा लसीचा थेंब द्यावा, पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावेत. लस बर्फात आणावी लागते आणि एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांची मात्रा असते. म्हणून साऱ्या वस्तीने एकाच दिवशी लस घ्यावी. बचत गटाने हे काम अंगावर घ्यायला काय हरकत आहे? एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, विकू नका, उघड्या हाताने धरू नका. दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा आजारी-निरोगी न पाहता कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपल्या बावीस प्रतिज्ञांत आहे. कोरडी जागा, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लस ही दयेची रोजची कामेच होत.

दिवाळीनंतर पुन्हा त्या वस्तीवर गेलो. परसात दोन खोकी होती आणि भिंतीला वही टांगली होती. नात रोज लिहिते : तारीख, अंडी किती, विकली किती, मुलांनी खाल्ली किती, दाण्याला खर्च किती. वहीवर नाव ताईंचे. थकलेले दोन्ही हप्ते भरून झाले होते.

आणि नवस? आखाड लागायच्या आधीच तांबडी खुडूक झाली. ताईंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. आजीबाई म्हणाल्या, "लेकुरवाळी कशी द्यायची? पुढच्या साली बघू." नवस फिटायचा राहिलाय असे त्या अजून म्हणतात. या वेळी मी वाद घातला नाही.

त्या दिवशी घरच्या कारभाऱ्यांनी पाहुण्यासाठी कोंबडी धरायला सांगितली. ताईंनी वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. "ही अंड्यावर आहे. वर्षाचे सातशे देते. आधी पैसे मांडा." कारभारी हसले, मग गप्प झाले. जेवायला पिठले-भाकरी आली.

तो पाहुणा मीच होतो. इतके गोड पिठले मी खाल्ले नाही.

जयभीम!