दुपारची बैठक



चैत्र लागला की आपल्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे गच्चीवरची वाळवणं आणि दुसरी म्हणजे गावातले गाण्याचे कार्यक्रम. कुरडयांचा चीक शिजत असतो, आणि पेपरात बारीक अक्षरात छापलेलं असतं की अमुक सभागृहात सायंकाळी साडेसहा वाजता अमुक बुवांचं गायन. आपण ते वाचतो, पेपराची घडी घालतो आणि तोच पेपर पापडाखाली अंथरतो. खोटं सांगत असेन तर सांगा!

या आठवड्यात पंचवटीतल्या एका भगिनीचं पत्र आलं, म्हणून हा विषय. त्या लिहितात, "लग्नाआधी मी विशारदपर्यंत गाणं शिकले. माहेरहून तंबोरा आणला होता. तो गेली एकोणीस वर्षं माळ्यावर खोळीत आहे. आता आम्ही वाडा सोडून फ्लॅटमध्ये जातो आहोत. ओळखीच्या एका गृहस्थांनी तो दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यासाठी मागितला आहे. पैसेही चांगले देतात. घरचे म्हणतात, देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल. द्यावा का?"

बाई, एवढ्यात देऊ नका. का ते सांगते, पण थोडं फिरून येते.

आपल्या नाशिकला उन्हाळ्याचा एक हंगामच आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला गंगेवर गाण्याचे कार्यक्रम होतात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. दिवसभर ऊन कितीही तापो, संध्याकाळी घाटावर वारा सुटतो आणि माणसं दगडी पायऱ्यांवर निवांत बसून ऐकतात. कालिदास कलामंदिर आहे, सार्वजनिक वाचनालयाचं साईखेडकर नाट्यगृह आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. म्हणजे ऐकायला जागांची कमी नाही.

आणि गाण्याचं म्हणाल तर या गावाला ते परकं नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटाशी जोडलेलं आहे. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि चांगल्या घरातल्या मुलाबाळांनी गाणं शिकण्यात कमीपणा नाही, हे लोकांच्या गळी उतरवलं. मुंबईची संस्था कर्जापायी हातची गेली, आणि शेवटची वर्षं हे गृहस्थ रामनाम घेत नाशिकच्या आश्रमात राहिले. १९३१ साली ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या आपण चढलो त्या याच मंडळाच्या. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, यांचा जन्म २८ मे १९२१ चा, आणि तो नाशिकचाच. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. पुढे विनायकराव पटवर्धनांसारख्या वडिलांच्या शिष्यांनी त्याला तयार केलं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात तो गायला. १९५५ च्या ऑक्टोबरात, वय अवघं चौतीस, आणि सगळं संपलं. पण ध्वनिमुद्रिका राहिल्या. त्यांचा गौडसारंग मिळवून ऐका, आणि दुपारी दोनला ऐका. रात्री जेवणानंतर नको.

दुपारीच का, ते सांगते. माझं आजचं म्हणणं तेवढंच आहे.

आपल्याकडे रागांना वेळा ठरलेल्या आहेत. पहाटेचे, सकाळचे, सांजेचे, रात्रीचे. आता जाहीर कार्यक्रम पाहा. ते एकतर संध्याकाळी साडेसहाला, नाहीतर दिवाळीत पहाटे. मग यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री, मालकंस हे वर्षभर कानावर पडतात. भैरव, तोडी, ललतसुद्धा पडतात. पण वृंदावनी सारंग? गौडसारंग? भीमपलास? भर दुपारपासून ऊन उतरेपर्यंतचे हे राग बिचारे पोरके झालेत. त्या वेळी पुरुषमाणसं कचेरीत, मुलं शाळेत, सभागृहाला कुलूप.

आणि त्याच वेळी मोकळं कोण असतं? आपण! जेवणं उरकली, ओटा पुसला, की दीड ते साडेचार ही वेळ घरातल्या बाईची. संध्याकाळी साडेसहा ही कुकर लावायची वेळ, हे कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींच्या अजून लक्षात आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. (नोकरी करणाऱ्या भगिनी म्हणतील, आम्ही काय करावं? त्यांनी रविवारची दुपार धरावी. झोप एक दिवस कमी झाली तर चालते.)

परदेशात तीन-चार वाद्यं घेऊन दिवाणखान्यात बसून वाजवायच्या संगीताची मोठी परंपरा आहे, आणि उन्हाळ्यात त्याचे उत्सव भरतात. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात मार्लबोरो म्हणून लहानसं गाव आहे, तिथे १९५१ पासून दर उन्हाळ्यात असा उत्सव होतो. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपली बैठक ती हीच. वाड्याच्या माजघरात पंचवीस-तीस माणसं, मधे गाणारा, अगदी हाताच्या अंतरावर. फरक एवढाच की त्या काळी बायका आतल्या दाराआडून ऐकत. हिराबाई बडोदेकरांसारख्या बाईंनी तिकीट लावलेल्या जाहीर सभेत गाऊन दाखवलं, तेव्हा कुठे ते दार उघडलं. उघडलेल्या दारातून आपण आत मात्र फार थोड्या गेलो.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आपल्याच घरी दुपारची एक बैठक करा. आळीतल्या, सोसायटीतल्या पंधरा-वीस जणी पुरेत. तयारी कशी करायची ते सांगते.

खोली रस्त्याकडची नको. सतरंज्या घाला, गाणाऱ्यांसाठी गादी आणि वर धुतलेली चादर, गुडघे दुखणाऱ्या काकूंसाठी मागे खुर्च्या. पंख्याचा वारा पेटी-तबल्यावर थेट येऊ देऊ नका. आणि कूलर! नाशिकला उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचे कूलर. त्याच्या ओल्या हवेने तबल्याची शाई आणि चामडं मऊ पडतं, सूर उतरतो, आणि बिचारा तबलजी अर्धा वेळ हातोडी घेऊन ठोकत बसतो. म्हणून कूलर तासभर आधी चालवून खोली गार करा आणि मंडळी बसली की बंद करा. वाळ्याचा पडदा असेल तर उत्तम, त्याला आवाज नसतो. तबला गाडीत उन्हात ठेवून आणला तर उलट होतं, चामडं ताणून सूर चढतो. तबलजींना सांगा, अर्धा तास आधी या आणि वाद्यं खोलीत ठेवा.

गाणारी कोण? गावात शिकवणाऱ्या बाई असतात, त्यांच्या तयारीच्या विद्यार्थिनी असतात. त्यांना दुपारचे राग गायची संधी कधीच मिळत नाही, म्हणून त्या आनंदाने येतात. मात्र आनंदाने येतात म्हणून फुकट बोलावू नका. हे मी जरा कडकच सांगते. साडी-चोळी आणि नारळावर बोळवण करायची आपल्याला सवय आहे. प्रत्येकीने वर्गणी काढा, रक्कम आधी ठरवा आणि पाकीट त्याच दिवशी हातात द्या. तबला आणि पेटीची पाकिटंही त्याच वेळी. साथीदारांचं "नंतर पाहू" असं करू नये.

गाण्याआधी पोहे-वडे पुढे करू नका, गाणाऱ्यांना कोमट पाणी ठेवा. पन्हं आणि कोकम सरबत शेवटी, तेही बर्फाशिवाय. मधे कपबशा वाजायला नकोत. फोन बंद, आणि दाराच्या घंटीवर चिकटपट्टी. कुकरची शिट्टी सकाळीच वाजून घेऊ द्या.

दोनला सुरू करा. आधी सारंगाचा एखादा प्रकार. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत अजिबात लागत नाहीत. वर जाताना शुद्ध निषाद, खाली येताना कोमल. एवढं लक्षात ठेवून ऐकलं तरी दोन निषादांमधला फरक कानाला कळू लागतो, आणि बाहेरचं रखरखीत ऊन जरा लांब गेल्यासारखं वाटतं. तीनच्या पुढे भीमपलास. त्यात गंधार-निषाद कोमल, आणि चढताना रिषभ-धैवत गाळलेले. तुम्हाला तो ठाऊक नाही असं समजू नका, असंख्य अभंग आणि सिनेमाची गाणी त्यात आहेत. कान ओळखतो, नाव तेवढं ठाऊक नसतं. शेवटी एखादं भजन. साडेचारला घरी. मुलं दारात उभी असतात, हो ना?

आता पंचवटीच्या ताईंकडे येते.

ताई, तंबोरा आधी माळ्यावरून खाली काढा, आजच. एप्रिल-मेच्या उष्णतेत भोपळ्याला चीर जाते आणि दांडीचा सांधा सुटतो. खोळ काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तेल लावू नका. भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत फिरा. एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तिथे चीर आहे, आणि ती दुरुस्त होते. जुन्या तारा गंजलेल्या असणार. त्या पिळून पाहायच्या भानगडीत पडू नका, तुटून तोंडावर येतात. वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडून चारही नव्या घालून घ्या आणि घोडीची जवारी काढून घ्या. मिरजेचा असेल तर त्याचं मोल वेगळंच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शोभेसाठी मागणाऱ्या गृहस्थांना कदाचित हे ठाऊक असेल!

सूर लावताना एक करा. लग्नाआधी काळी पाचला गात असाल तर आता तिथे हट्ट धरू नका. एकोणीस वर्षांत आवाज खाली आलेला असतो. काळी चारला, वाटल्यास त्याहीखाली लावा. वर ताणून गाल तर दोन दिवसांत घसा बसेल आणि "माझं गाणं गेलं" म्हणून पुन्हा खोळ घालाल. गाणं गेलेलं नसतं, पट्टी बदललेली असते. हल्ली फोनमध्येही तंबोरा वाजतो आणि रियाजाला तो सोयीचा आहे. पण मांडीशी धरलेल्या दांडीचा कंप त्यात येत नाही.

फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणता. शिंप्याच्या मशीनला जागा आहे? कपाटाच्या शेजारी दीड हाताचा कोपरा लागतो, ऊन न येणारा. घरच्यांना सांगा, तंबोरा द्यायचा की नाही ते मृगानंतर ठरवू. तोवर एक बैठक तुमच्या नव्या घरी करा. पहिल्या बैठकीत तुम्ही गायला हवं असं नाही. दुसऱ्या कुणी बाई गातील, तुम्ही मागे बसून तंबोऱ्याची साथ करा. मागे बसून नुसत्या तारा छेडायच्या, पण बोटं सगळं आठवतात.

नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस सारख्या उतरत राहतात, तेव्हा घाबरू नका. रोज दुपारी ओटा आवरला की लावत जा. आणि बैठकीची तारीख ठरली की कळवा, मी येईन म्हणते.