अध्यापकाचा आवाज

ज्या अध्यापकाने 1930 च्या दशकात मेलबर्नमध्ये ग्रंथांवरील सरकारी बंदीविरुद्ध रान उठविले, त्याच विल्यम मॅकमहोन बॉल यांच्या हाती 1940 मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने परदेशांसाठीच्या लघुलहरी प्रक्षेपणाची सूत्रे द्यावीत, हा योग विलक्षण खरा. परंतु युद्धकाळातले प्रचाराचे काम कोणावर सोपवावे असे मला कोणी विचारले, तर मी अशा संशयी माणसाचेच नाव घेईन, कारण ज्याला कात्रीचा मनस्वी तिटकारा आहे, त्यालाच शब्द कोठे कातरला गेला हे नेमके दिसते. 1944 मध्ये ते खाते सरकारने पुन्हा थेट आपल्या अखत्यारीत घेतले, तेव्हा बॉल बाहेर पडले.

1946 मध्ये ते टोकियोच्या मित्रराष्ट्र मंडळावर गेले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान या चौघांचे मुखत्यार तेथे एकटे बॉल. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील आपल्या देशाच्या वतीनेही जपानच्या राजधानीत हा राज्यशास्त्राचा अध्यापक बोलत होता! पराभूत जपानचा ताबा सांभाळणारे सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांना मंडळाचा सल्ला फारसा मानवत नसे. तथापि कुळांचा प्रश्न निघाला, तेव्हा गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळाकडील सगळी जमीन सरकारने विकत घ्यावी, आणि गावातल्या मालकाकडे अशी जमीन सर्वसाधारणपणे एक चो, म्हणजे सुमारे अडीच एकर, एवढीच राहू द्यावी, ही बॉल यांची तजवीज बव्हंशी मान्य झाली व त्याच ऑक्टोबरात कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्याचा कूळकायदा 1948 चा. खंडाच्या आठवणी ज्या घरांत अजून आहेत, तेथे या अडीच एकरांचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

पुढे ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री इव्हॅट यांच्याशी बिनसल्यावर 1947 मध्ये बॉल यांनी राजीनामा दिला, जपानवर परखड पुस्तक लिहिले, आणि 1949 ते 1968 मेलबर्न विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापकपद भूषविताना रेडिओवरून जागतिक घडामोडींवर भाष्यही केले.

अधिकाराची खुर्ची दोनदा सोडलेल्या माणसाच्या भाष्याला जे वजन असते, ते वाहिन्यांवरील चौकटींत कोंबलेल्या आठ तज्ज्ञांच्या एकत्रित आरड्याला येत नाही. आमच्या विद्यापीठांतही परराष्ट्रव्यवहाराचे जाणते अध्यापक आहेत. आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी त्यांपैकी एकाला दर आठवड्यास 15 मिनिटे द्यावीत, समोर प्रतिपक्षी बसवू नये, आणि संहिता आगाऊ मागवू नये.