पत्ता झाका, पुरावा नको

२० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यातील ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पाहणाऱ्यांत महापालिकेचा एक सफाई कामगार होता. रोज झाडू हाती घेणारा हा माणूस पुढे न्यायालयात उभा राहिला, त्याने मारेकऱ्यांना ओळखले, उलटतपासणीही झेलली. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

साक्षीदार भ्याला तर खटला कोसळतो. बचाव पक्षाला पुरावाच पाहता आला नाही, तर शिक्षा वरच्या न्यायालयात टिकत नाही. दोन्हींची सोय कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि जिल्हा न्यायालयांत असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र कक्ष उभारायला सांगितले. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने मेमरी कार्डातील चित्रण हा दस्तऐवजच असून त्याची प्रत मिळणे हा आरोपीचा हक्क असल्याचे ठरवले. मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल, तर प्रत न देता आरोपी, वकील आणि तज्ज्ञाला केवळ पाहणी करू देण्याची मुभा ठेवली.

हीच वाट योग्य आहे. घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक, मुलांची शाळा जरूर झाका. जबाबातला मजकूर झाकू नका. आणि काय झाकायचे, हे तपास यंत्रणेने परस्पर ठरवू नये. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून, कारणे नोंदवून ठरवावे. साक्षीदाराची सुरक्षितता आणि आरोपीचा बचाव, न्यायाला दोन्ही हवेत.